डी-डायमरचा वाढलेला आकडा : विषाणुसंसर्गानंतरची रक्तगुठळी आणि आरोग्याचे अर्थकारण

छत्तीसगडमधील कोविड-१९ च्या पहिल्या रुग्णाची नोंद मार्च २०२० मध्ये रायपूर शहरात झाली. त्यानंतर वर्षभराने, दुसऱ्या लाटेत, ९ एप्रिल २०२१ पासून रायपूर जिल्ह्यात संपूर्ण टाळेबंदी लागू करावी लागली. येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) आणि 'मेकाहारा' या नावाने परिचित असलेले डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय यांच्यावर केवळ शहराचाच नव्हे, तर महासमुंद, धमतरी, गरियाबंद या जिल्ह्यांचा आणि पश्चिम ओडिशाचाही भार असतो. त्या दिवसांत नातेवाइकांच्या हाती पडणाऱ्या अहवालांत एक अपरिचित शब्द वारंवार दिसू लागला. तो शब्द म्हणजे 'डी-डायमर'. साथ ओसरली, परंतु शब्द मात्र राहिला. ताप येऊन गेल्यानंतर 'संपूर्ण तपासणी'च्या नावाखाली ही चाचणी करून घेणारे आणि ठळक अक्षरांत छापलेला वाढीव आकडा पाहून धास्तावणारे लोक आजही आढळतात. काही जण त्या आकड्याच्या भरवशावर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने सुरू करतात, तर काही जण आकडा सामान्य यावा म्हणून दर आठवड्यास तीच चाचणी पुन्हा करतात.

हा विषय वरकरणी निव्वळ वैद्यकीय वाटतो. तथापि एखाद्या चाचणीचा आकडा नेमके काय सांगतो, काय सांगत नाही आणि त्या आकड्यासाठी समाज किती किंमत मोजतो, हा माहितीच्या अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात विज्ञान, सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यविषयक खर्च ही प्रकरणे स्वतंत्रपणे शिकविली जातात. प्रत्यक्षात ती एकाच कागदावर, म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालावर, एकत्र येतात.

गुठळी आणि तिचा राडारोडा

रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेल्या अवस्थेत असते. रक्तवाहिनीस इजा झाली की थ्रॉम्बिन हे विकर त्याचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते. रक्त गोठविणारा तेरावा घटक या धाग्यांना एकमेकांशी घट्ट जोडतो आणि गुठळीची जाळी तयार होते. जखम भरून येऊ लागली की शरीरच ही जाळी मोडू लागते. हे काम प्लाझ्मिन हे विकर करते. मोडतोडीतून जे तुकडे रक्तात येतात, त्यांपैकी ज्यात दोन शेजारी 'डी' भाग परस्परांस जोडलेले असतात, त्यास डी-डायमर म्हणतात. हा तुकडा प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजण्याचे तंत्र १९८० च्या दशकात विकसित झाले.

म्हणजेच डी-डायमर हा गुठळीचा राडारोडा होय. रस्त्याच्या कडेला राडारोडा दिसला तर आसपास काही तरी बांधले गेले होते आणि ते पाडले जात आहे, एवढे समजते. कोणते घर, कोणत्या गल्लीत आणि ते पाडणे धोक्याचे की दुरुस्तीचे, हे त्यावरून समजत नाही. शस्त्रक्रियेनंतर, गर्भारपणात, मोठ्या जखमेनंतर, कर्करोगात, यकृताच्या विकारांत आणि केवळ वय वाढल्यामुळेही हा आकडा वाढतो. रक्तातील डी-डायमर साधारणतः सहा ते आठ तासांत निम्म्यावर येतो. त्यामुळे आजाराच्या दोन महिन्यांनंतर तो वाढलेला दिसला, तर तो जुन्या आजाराचा उरलासुरला साठा नसतो. शरीरात कोठे तरी थोड्या प्रमाणात जोडणी व मोडणी अद्याप चालू आहे, असा त्याचा अर्थ होतो.

विषाणुसंसर्गात असे का घडते, याचे उत्तर जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशॉ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रयीत सापडते. रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही ती तीन कारणे होत. तीव्र संसर्गात ही तिन्ही एकाच वेळी उपस्थित असतात. रुग्ण अंथरुणास खिळलेला असतो, दाहामुळे रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर बिघडलेले असते आणि दाह वाढविणारी रसायने गोठण्याच्या प्रक्रियेस चालना देत असतात. कोविडमध्ये हे विशेषत्वाने आढळले. वुहानमधील १९१ रुग्णांच्या, मार्च २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाखल होताना डी-डायमर प्रति मिलिलिटर १ मायक्रोग्रॅमहून अधिक असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त दिसून आले. या निष्कर्षामुळे ही चाचणी जगभर प्रसिद्धीस आली. परंतु तो निष्कर्ष रुग्णालयात दाखल झालेल्या गंभीर रुग्णांविषयीचा होता. घरी बरे होणाऱ्या, हिंडत्याफिरत्या माणसास तो जसाच्या तसा लागू करणे म्हणजे पूरग्रस्त गावाची आकडेवारी घेऊन संपूर्ण जिल्ह्याचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

भारतातील मार्गदर्शक सूचनांनी ही सीमारेषा पुरेशी स्पष्ट केली होती. एम्स, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय कृती दल यांनी २२ एप्रिल २०२१ रोजी दिलेल्या सूचनांनुसार मध्यम स्वरूपाच्या आजारात डी-डायमर दर ४८ ते ७२ तासांनी पाहावयाचा होता. दिल्ली एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी ३ मे २०२१ रोजी पत्रकार परिषदेत, सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि अशा रक्तचाचण्या करण्याची आवश्यकता नाही, असे सांगितले होते. सूचना होत्या, परंतु बाजार त्यापुढे धावत होता.

एककांचा गोंधळ

दोन अहवालांची तुलना करताना सर्वाधिक घोटाळा एककांमुळे होतो. प्रति मिलिलिटर ५०० नॅनोग्रॅम, प्रति मिलिलिटर ०.५ मायक्रोग्रॅम आणि प्रति लिटर ०.५ मिलिग्रॅम हे तिन्ही आकडे एकच आहेत. एका प्रयोगशाळेचा ०.६ हा आकडा आणि दुसरीचा ६०० हा आकडा पाहून आजार हजारपट वाढल्याची समजूत होणे अशक्य नाही.

याहून सूक्ष्म भेद दुसरा आहे. काही संच डी-डायमर 'फायब्रिनोजेन-समतुल्य एकक' म्हणजे एफ.ई.यू. या मापात देतात, तर काही 'डी-डायमर एकक' म्हणजे डी.डी.यू. या मापात देतात. पहिल्या मापातील आकडा दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. त्यामुळे एफ.ई.यू. मध्ये ५०० ही सर्वसाधारण मर्यादा डी.डी.यू. मध्ये सुमारे २५० होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे चटकन उमगेल. २००४-०५ हे आधारवर्ष धरून काढलेला निर्देशांक आणि २०११-१२ हे आधारवर्ष धरून काढलेला निर्देशांक शेजारी ठेवून महागाई मोजता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांत निरनिराळी प्रतिपिंडे वापरलेली असल्याने एकक तेच असले तरी आकडे तंतोतंत जुळतीलच असे नाही. उपचारासाठी फेरतपासणी आवश्यकच असेल, तर ती त्याच प्रयोगशाळेत करणे इष्ट ठरते.

वयाचाही विचार करावा लागतो. युरोपातील १९ केंद्रांत ३,३४६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर, फुप्फुसातील गुठळीची शंका दूर करताना पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी वयास दहाने गुणून येणारा आकडा (एफ.ई.यू. मध्ये) मर्यादा म्हणून वापरण्याची पद्धत मान्यता पावली. त्या हिशेबाने सत्तर वर्षांच्या आजोबांची मर्यादा ७०० येते. त्यांचा ६५० हा आकडा संगणक ठळक छापील, परंतु तो वाढलेला म्हणता येणार नाही.

वाढलेला आकडा आणि खरी शक्यता

चाचणीची गुणवत्ता दोन मापांनी पाहिली जाते. संवेदनक्षमता म्हणजे ज्यांना आजार आहे त्यांपैकी कितींना ती पकडते, आणि विशिष्टता म्हणजे ज्यांना आजार नाही त्यांपैकी कितींना ती 'नाही' असे सांगते. डी-डायमरची संवेदनक्षमता उत्तम, तर विशिष्टता कमी आहे. म्हणून ज्याच्या लक्षणांवरून गुठळीची शक्यता अल्प वा मध्यम वाटते, अशा रुग्णात सामान्य आलेला आकडा फार मोलाचा ठरतो, कारण तो पुढील महागड्या तपासण्या टाळतो. शक्यता प्रबळ असेल तर डॉक्टर या चाचणीसाठी थांबत नाहीत, थेट सोनोग्राफीच्या डॉपलर पद्धतीने किंवा सीटी अँजिओग्राफीने तपासतात. चाचणीचा उपयोग 'नाही' म्हणण्यासाठी आहे. आपल्याकडे ती 'आहे' म्हणण्यासाठी वापरली जाते, हा मूळ घोटाळा आहे.

आता लक्षणे नसलेल्या माणसांचा हिशेब करू. डब्लिन येथील १५० बऱ्या झालेल्या कोविड रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५.३ टक्के व्यक्तींचा डी-डायमर बरे झाल्यानंतरही वाढलेला होता. काहींच्या बाबतीत आजारास चार महिने उलटले होते. पन्नाशीपुढील आणि रुग्णालयात राहून आलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. दुसरीकडे स्वीडनमध्ये दहा लाखांहून अधिक कोविडबाधितांच्या राष्ट्रीय नोंदींचा अभ्यास झाला आणि तो २०२२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संसर्गानंतरच्या तीस दिवसांत फुप्फुसातील गुठळीचे प्रमाण ०.१७ टक्के, तर पायातील खोल शिरेच्या गुठळीचे ०.०३९ टक्के आढळले. दोन्ही मिळून हजारी सुमारे दोन.

समजा, लक्षणे नसलेल्या एक हजार बऱ्या झालेल्या व्यक्तींची चाचणी केली. त्यांतील दोघांना खरोखर गुठळी आहे आणि चाचणीने दोघांनाही पकडले, असे धरू. उर्वरित ९९८ पैकी एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे २५० जणांचा आकडाही वाढलेला येईल. म्हणजे वाढलेला आकडा हाती पडलेल्या २५२ जणांपैकी प्रत्यक्ष गुठळी दोघांना, एक टक्क्याहूनही कमी. चाचणीचे शुल्क उदाहरणादाखल एक हजार रुपये आणि सीटी अँजिओग्राफीचे सहा हजार रुपये धरले, तर पहिल्या फेरीस १० लाख आणि दुसऱ्या फेरीस १५ लाख १२ हजार रुपये लागतील. दोन रुग्ण शोधण्यासाठी २५ लाखांहून अधिक खर्च, शिवाय अडीचशे निरोगी माणसांच्या वाट्यास किरणोत्सर्ग आणि मूत्रपिंडावर ताण देणारे आयोडीनयुक्त द्रव्य. या उदाहरणात प्रत्यक्षाहून चाचणीला झुकते मापच दिले आहे, कारण ज्यांना मोठी गुठळी होते त्यांतील बहुतेकांना लक्षणे जाणवतात.

याचा अर्थ संसर्गानंतरचा धोका काल्पनिक आहे, असा मुळीच नाही. त्याच स्वीडिश अभ्यासात फुप्फुसातील गुठळीचा वाढलेला धोका सहा महिन्यांपर्यंत, तर पायातील गुठळीचा तीन महिन्यांपर्यंत दिसून आला. बाधा न झालेल्यांच्या तुलनेत हा धोका अनेक पटींनी अधिक होता. एकाच पायास सूज येऊन पोटरी दुखणे, अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, ही लक्षणे संसर्गानंतरच्या आठवड्यांत दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. अशा वेळी प्रयोगशाळेच्या रांगेत उभे राहून दुसऱ्या दिवशीच्या अहवालाची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

रक्त पातळ करणारी औषधे

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष क्वचितच सांगितला जातो. संसर्गानंतर दोन महिन्यांपर्यंत रक्तस्रावाचा धोकाही वाढलेला होता. म्हणून रक्त पातळ करणारे औषध हे तराजूच्या एकाच पारड्यात टाकण्याचे वजन नव्हे.

ब्राझीलमधील 'मिशेल' चाचणीत, रुग्णालयातून घरी जाणाऱ्या आणि गुठळीचा धोका अधिक असलेल्या निवडक ३२० रुग्णांना ३५ दिवस रिव्हरोक्सॅबान हे औषध देऊन पाहिले. औषध घेणाऱ्यांत गुठळी व तत्सम घटनांचे प्रमाण ३ टक्के, तर न घेणाऱ्यांत ९ टक्के होते. अमेरिकेत मात्र १,२१७ रुग्णांना घरी जाताना ॲपिक्सॅबान किंवा निष्क्रिय गोळी देऊन झालेल्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. घरीच उपचार घेणाऱ्या सौम्य रुग्णांवरील दुसऱ्या अमेरिकी चाचणीत घटनांचे प्रमाणच इतके अल्प निघाले की ती लवकर थांबविण्यात आली. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत सुमारे पंधरा हजार दाखल रुग्णांत ॲस्पिरिनने मृत्यू कमी झाले नाहीत. या सर्वांतून निघणारे तात्पर्य असे, की औषधाचा लाभ झालाच तर निवडक, जोखमीच्या रुग्णांस होतो. डी-डायमर त्या निवडीतील अनेक निकषांपैकी एक आहे. वय, पूर्वीची गुठळी, कर्करोग, अतिदक्षता विभागातील मुक्काम यांचे वजन त्याहून कमी नाही.

छत्तीसगडमध्ये या प्रश्नास दोन स्थानिक पदर आहेत. येथील आदिवासी आणि काही बिगर-आदिवासी समाजांतही सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. राज्याची सिकलसेल संस्था रायपूर येथेच आहे. महाराष्ट्रातील गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांतही हीच स्थिती आढळते. सिकलसेलग्रस्तांत कोणताही संसर्ग नसताना डी-डायमर वाढलेला असू शकतो आणि त्यांना गुठळीचा धोकाही खरोखरच अधिक असतो. त्यामुळे आकड्याचा अर्थ लावण्यापूर्वी हा इतिहास डॉक्टरांस ठाऊक असणे अगत्याचे ठरते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल रक्तक्षय निर्मूलन अभियानांतर्गत दिली जाणारी ओळखपत्रे येथे उपयोगी पडावीत.

दुसरा पदर डेंग्यूचा. २०१८ मध्ये शेजारच्या भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली होती. डेंग्यूतही रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते आणि डी-डायमर वाढू शकतो, परंतु तेथे बिंबिका घटलेल्या असल्याने मुख्य भय रक्तस्रावाचे असते. कोविडच्या काळात शिकलेला धडा डेंग्यूस लावून घरीच ॲस्पिरिन घेणे प्राणघातक ठरू शकते.

खर्चाचा भार कोणावर?

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मधील लेखात आरोग्यसेवेच्या बाजाराचे वेगळेपण अनिश्चितता आणि माहितीच्या विषमतेत दाखवून दिले. तांदूळ घेणारा गिऱ्हाईक दाणा हातात घेऊन पारखतो, रुग्णास आपली चाचणी पारखता येत नाही. मागणी कोणती करावी हे पुरवठा करणाराच सांगतो. येथे सर्व दोष लोभाचा असतो असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. एक रुग्ण निसटला तर डॉक्टरवर ठपका येतो, अडीचशे अनावश्यक चाचण्यांबद्दल कोणीही जाब विचारत नाही. प्रोत्साहनाची रचनाच एका बाजूस झुकलेली आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या थेट खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट महत्त्वाची आहे. परंतु उरलेल्या भागात बाह्यरुग्ण सेवा, औषधे आणि चाचण्या यांचा बोजा मोठा आहे, आणि डी-डायमर नेमका त्या भागात मोडतो. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांसोबत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधांचा खर्च उचलते. गुठळीचा धोका मात्र महिनोन्‌महिने टिकतो. सोळाव्या दिवसापासूनची प्रत्येक चाचणी कुटुंबाच्या खिशातून होते, आणि लोक चिंतेपोटी सर्वाधिक चाचण्या करतात ते याच काळात.

किंमतनियंत्रण हा एक मार्ग आहे. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये छातीच्या एचआरसीटीचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,००० ते ३,००० रुपये असे निश्चित केले होते. दर कमी झाल्याने अन्याय घटतो, परंतु अनावश्यक चाचणी स्वस्त झाली म्हणून ती आवश्यक होत नाही, उलट तिची मागणी वाढू शकते. म्हणून किंमतीइतकाच प्रश्न 'कोणती चाचणी, कोणत्या स्तरावर, कोणासाठी' हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये अत्यावश्यक निदान चाचण्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये भारताची राष्ट्रीय यादी तयार केली. गावपातळीपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत कोणती चाचणी कोठे उपलब्ध असावी, हे तीत ठरविले आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील मोफत निदान सेवा उपक्रम २०१५ पासूनचा, तर जिल्हास्तरीय एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांची तरतूद ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानातील आहे. छत्तीसगडमध्ये शासकीय रुग्णालयांतील अशा प्रयोगशाळा 'हमर लॅब' या नावाने उभ्या राहिल्या. रायपूरमध्ये ती पंडरी येथील जिल्हा रुग्णालयात आहे.

शासकीय प्रयोगशाळेस येथे एक अंगभूत लाभ आहे. चाचणीची शिफारस करणारा आणि ती करणारा यांपैकी कोणाचेही उत्पन्न चाचण्यांच्या संख्येवर अवलंबून नसते. मात्र त्यासाठी रसायने आणि संच वेळेवर मिळाले पाहिजेत, तंत्रज्ञांची पदे भरलेली असली पाहिजेत, आणि अहवालावर आकड्याशेजारी एफ.ई.यू. की डी.डी.यू. हे एकक, रुग्णाच्या वयानुसारची मर्यादा आणि चाचणी कोणत्या शंकेसाठी मागविली त्याची एक ओळ छापली गेली पाहिजे. यांपैकी शेवटच्या कामास नवे यंत्र लागत नाही, संगणकातील नमुना बदलावा लागतो. ती ओळ कोरी राहिली, तर चाचणी मागविणाऱ्या डॉक्टरांस कारण विचारण्याची मुभा प्रयोगशाळेस असावी.